घासाघीस चुकीच्या ओळीवर

चाकाचं बेअरिंग गेलं तरी गाडी बंद पडत नाही, इथेच सगळी गोची आहे. बंद पडली असती तर माणूस निमूट गॅरेजला गेला असता. ही चालते, फक्त घूं घूं करते. स्पीड 60 च्या पुढे गेला की आवाज चढतो. त्यावर आपल्याकडचा पहिला घरगुती इलाज ठरलेला आहे: रेडिओ मोठा करणे.

दुसरा इलाज म्हणजे टायरवर संशय. अलाइनमेंट होतं, बॅलन्सिंग होतं, मग सोसायटीतले एक जाणकार काका पार्किंगमध्ये टायरला लाथ मारून सांगतात, "रबर कडक झालंय, चारही बदल." चारही बदलले जातात. नव्या टायरांवर तीच जुनी घूं घूं. खरं तर निदान फुकटात होतं. चालत्या गाडीला अलगद डावीकडे वळण द्यावं. वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग, कमी झाला तर डावीकडचं, असा पहिला अंदाज. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवायचं, प्ले लागतो का बघायचं, हाताने फिरवून खरखर ऐकायची. यातली एकच गोष्ट शहरात अवघड आहे: 60 च्या स्पीडला वळण घेता येईल असा मोकळा रस्ता.

आता खर्च. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकाचं नावाजलेल्या कंपनीचं बेअरिंग हजाराच्या आगेमागे मिळतं. लेबर गल्लीतल्या गॅरेजात साधारण तेवढंच. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मात्र काचेपलीकडचा टायवाला मुलगा म्हणतो, "सर, हब असेंब्लीच बदलावी लागेल," आणि आकडा तिप्पट होतो. तो दर वेळी फसवतो असं नाही. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरच्या जमान्यात बेअरिंग उघडून धुवायचं, ग्रीस भरायचं, नट बेताने कसायचा, की झालं. मग कारखान्यातूनच ग्रीस भरून सीलबंद केलेलं बेअरिंग आलं. ते उघडत नाही, फक्त बदलतं. आता बऱ्याच गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच वस्तू असते. चार बोल्ट काढा, जुनी उतरवा, नवी लावा. काम सोपं झालं आणि वस्तू महाग. परदेशी मोठ्या गाडीला तर एका चाकाचे पंधरा-वीस हजार सहज जातात. त्या मालकांबद्दल सहानुभूती बाळगायला या सदरात जागा नाही.

आपण छोट्या गाडीशीच राहू, कारण खरी करमणूक तिथे आहे.

"बेअरिंग कितीचं लावताय?"

"अकराशे."

"नाना पेठेत नऊशेला मिळतं. मीच आणून देतो."

"आणा की साहेब. लेबर तेवढंच पडेल."

साहेब दोनशे रुपयांच्या विजयाने फुलून जातात. पण अख्ख्या बिलात बेअरिंगची ओळ हीच सर्वांत सरळ असते. वस्तू डब्यात आहे, डब्यावर नंबर आहे, एमआरपी आहे. ज्या ओळीवर भांडायला हवं, तिच्याकडे साहेबांचं लक्षच नाही. ती ओळ म्हणजे लेबर. कमी करा म्हणून नव्हे, तर करणार काय आहात म्हणून.

कारण हे बेअरिंग चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्याच्या आधाराने फिरतं त्या भागात, घट्ट बसलेलं असतं. नकल खाली उतरवायचा, सर्क्लिप काढायची, हायड्रॉलिक प्रेसवर जुनं बेअरिंग दाबून बाहेर काढायचं. त्याची आतली कडी बहुतेक वेळा हबलाच चिकटून बाहेर येते. ती ग्राइंडरने जपून कापावी लागते. मग नवं दाबायचं, तेही फक्त बाहेरच्या कडीवर जोर देऊन. जोर आतल्या कडीवर पडला तर तो गोळ्यांमधून जातो, गोळ्या आपल्या वाटेवर खळगे पाडतात, आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी म्हातारं होतं. ज्याच्याकडे प्रेस नाही तो जुनी कडी वर ठेवून घण घालतो. ठण, ठण, ठण. साहेब शेजारी चहा पीत उभे असतात. एवढा जोर लावतोय म्हणजे काम मजबूत होतंय, असं त्यांना वाटतं. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. उलटं बसलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि पुन्हा सगळं उघडणं. म्हणून दोनच प्रश्न विचारायचे: प्रेसवर बसवणार का, आणि एक्सलचा नट नवा टाकणार का. उत्तरादाखल मेकॅनिक हसला तर गाडी पुढच्या गॅरेजला न्यावी.

स्वस्त डब्याचंही सांगितलं पाहिजे. बेअरिंगचा डुप्लिकेट माल हा जगभरचा जुना धंदा आहे. आपल्या चिंचवडमध्ये कारखाना असलेल्या एसकेएफसारख्या कंपनीलाही खरं-खोटं तपासायला मोबाइल अ‍ॅप काढावं लागलं आहे. डबा हुबेहूब, छपाई झकास. आतलं पोलाद काय दर्जाचं, ते चार-सहा महिन्यांत कळतं. तेव्हा बेअरिंगही पुन्हा आणि लेबरही पुन्हा. वाचवलेल्या दोनशेचं मग कोणी नाव काढत नाही.

वर्कशॉपवाले आणखी एक पिल्लू सोडतात: "सर, जोडीने बदलू या." शॉक अब्सॉर्बर जोडीने बदलतात, ते बरोबर. बेअरिंगचं तसं नाही. एक गेलं असेल तर एकच बदला. नकल उतरवल्यावर अलाइनमेंटचे पैसे लावले तर ते मात्र कुरकुर न करता द्या.

आणि हे जातं कशाने? वयाने जातं, रुंद टायर आणि बाहेर आलेल्या अलॉय व्हीलच्या हौसेने जातं. आपल्याकडे विशेषकरून खड्ड्यांनी आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्याने जातं. सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं, पोलाद गंजतं. सात लाखांची पेट्रोल गाडी घेताना महाराष्ट्रात 11 टक्क्यांनी 77 हजार रुपये वाहनकर आपण एकरकमी मोजलेला असतो. खड्ड्यामुळे जीव गेला तर नातेवाइकांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये बजावलं. माणसाचा दर न्यायालयाला ठरवावा लागला, तिथे बेअरिंगला कोण विचारतो? विमा कंपनी त्याला झीज म्हणते आणि झीज पॉलिसीत बसत नाही. महापालिका पावसाकडे बोट दाखवते.

त्यामुळे साहेब गॅरेजच्या दारात उभं राहून व्यवस्थेला मनसोक्त शिव्या घालतात. एवढा टॅक्स भरतो, जातो कुठे? मेकॅनिक मान डोलावतो आणि विचारतो, "पक्कं बिल करू का? 18 टक्के जीएसटी वर लागेल."

"छे, बिल कशाला? राहू दे."

नोटा मोजून होतात. साहेब गाडीत बसतात, काच खाली करतात आणि विचारतात, "वॉरंटी किती महिन्यांची?"