पत्रिका कासवानं अडवली

"ताई, मागच्या गल्लीतल्या पोरीचं लग्न तोंडावर आलं आणि पत्रिका अजून छापूनच आली नाही म्हणे! तुमच्याकडं अडकलीय म्हणायलेत सगळे."

सिडकोतल्या कंपाऊंडच्या भिंती छातीएवढ्या. बातमीला त्यावरून यायला काही कष्ट पडत नाहीत.

"माझ्याकडं नाही हो वहिनी, कासवाकडं अडकली होती," मी म्हटलं.

वहिनींनी मेथीची जुडी भिंतीवरच ठेवली. "आता हे कासव कुणाकडचं?"

"मुलीकडचं नाही आणि मुलाकडचंही नाही. कॉम्प्युटरमधलं. आमचा भाचा दिवाळीला पुण्याहून आला होता ना? चकल्या खाता खाता म्हणाला, आत्या, 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तू अजून त्याच्यावरच? हटून बसला आणि अकरा टाकून दिलं. वर सुरक्षेची जेवढी बटणं दिसली तेवढी सगळी चालू केली. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर जुनं दिसलं, तेही अपडेट केलं. आणि फराळाचा डबा घेऊन पसार!"

"चांगलंच केलं की मग पोरानं."

"केलं चांगलंच. पण माझं पोट त्या जुन्यावर चालतं."

तुम्हाला म्हणून सांगते, औरंगपुऱ्यातल्या ज्या प्रेसची टायपिंगची कामं मी घरी करते, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका पेजमेकरमध्ये आहेत. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, 2001 ची. फाँट श्रीलिपीचे जुने. त्या फाँटांत 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या नाहीतर चिन्हाच्या जागेवर बसवलेलं नुसतं चित्र असतं. फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, डॉलर आणि टिंबं. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण कधी कधी रफार एका अक्षरानं सरकतो. सूर्यवंशी आडनावाच्या वरपक्षाला तो सरकलेला रफार कोण समजावणार?

म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनं विंडोज एक्सपी ठेवलंय. कंपनीनं 8 एप्रिल 2014 ला त्याच्यावरून हात काढला; माझ्याकडं मात्र ते एका खिडकीत रोज कामाला बसतं. वहिनींना हे समजावताना मी म्हटलं, घरात भाडेकरू ठेवलाय समजा. विंडोज घरमालक, एक्सपी भाडेकरू. व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर त्याची खोली सांभाळतं.

"भाडं किती घेतंय?"

"फुकट आहे. इनोटेक नावाच्या एका जर्मन कंपनीनं ते 2007 मध्ये खुलं केलं, 2008 ला सननं ती कंपनी घेतली, 2010 ला सनच ओरॅकलकडं गेली."

"तीन मालक बदलले आणि तरी फुकट? काहीतरी गोम असणार." वहिनींचा फुकट या गोष्टीवर विश्वास नाही. भिशीत एकदा हात पोळलेत त्यांचे.

तर पहिल्या दिवशी एक्सपी उठायलाच तयार नाही. भाच्यानं ते शट डाउन न करता आहे तसं गोठवून ठेवलं होतं, म्हणजे 'सेव्ह स्टेट', आणि वरून सॉफ्टवेअर बदललं. गोठवलेली अवस्था नव्या आवृत्तीला वाचता येईना. समोर दोनच वाटा: नाद सोडा, नाहीतर 'डिस्कार्ड' करा. डिस्कार्ड म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. सगळ्या पत्रिका त्यातच!

इथं पलीकडच्या भिंतीवरून इंजिनिअरिंग कॉलेजमधून रिटायर झालेले सर उगवले. झाडांना पाणी घालत होते म्हणे. पाइपातून थेंब येत नव्हता ती गोष्ट वेगळी.

"डिस्कार्डला काय घाबरायचं? चालू कॉम्प्युटरचा प्लग उपसला तर जेवढं होतं तेवढंच होतं. सेव्ह न केलेलं जातं, डिस्क जागेवर राहते. आणि ती डिस्क म्हणजे शेवटी एक मोठी फाइल, आधी तिची नक्कल करून घ्यायची."

मी तेच केलं होतं, पण सरांना सांगू दिलं. त्यांना बरं वाटतं.

नक्कल एका बाहेरच्या हार्डडिस्कवर, मग डिस्कार्ड. एक्सपी उठलं, पण कसं? ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसेपर्यंत माझा वरणभाताचा कुकर झाला. 'श्री गणेशाय नमः' टाईप केलं तर 'श्री' आला, मग कर्सर नुसता लुकलुकतोय. बाकीची अक्षरं मी खुर्चीतून उठल्यावर एकदम घोळक्यानं आली. आणि खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं एरवी चिपच्या चित्रावर 'व्ही' असतो, तिथं इवलंसं हिरवं कासव!

"अय्या, खरंच कासव?"

"खरंच. बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलंय, काम सावकाश चालणार हे कळावं म्हणून. निदान प्रामाणिक तरी आहेत."

"हायपर-व्ही," सर पुटपुटले.

त्यांचं बरोबर होतं. सुरक्षेच्या बटणांत 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं एक आहे. ते चालू केलं की विंडोज स्वतःच हायपर-व्ही नावाच्या मधल्या थराच्या हाताखाली जातं. घरमालक झाला भाडेकरू आणि माझं एक्सपी झालं पोटभाडेकरू. प्रोसेसरमध्ये अशा मशीनसाठी जी खास सोय असते ती थेट हातात येईना, प्रत्येक गोष्ट मधल्याला विचारून. दोष ना विंडोजचा, ना व्हर्च्युअलबॉक्सचा; दोघांनाही एकच जागा हवी, एवढंच.

मग कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी बंद केली. 'विंडोज फीचर्स'च्या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढल्या. रीस्टार्ट. कासव गेलं, 'व्ही' आला.

"म्हणजे तुम्ही सुरक्षा बंद केली?" सरांनी चष्मा वर सरकवला. "19 जुलै 2024 आठवतो ना? एका अपडेटपायी विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची पाळी आली. कॉम्प्युटरशी खेळ नको."

"सर, तो अपडेट सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरचा होता."

सर पाइपाकडं बघायला लागले. पण त्यांची काळजी अगदीच वावगी नव्हती, म्हणून सांगून टाकलं: एक्सपीचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधूनच काढलंय, ते इंटरनेटला जातच नाही. बँकेचं मी त्या कॉम्प्युटरवर काही करत नाही. लग्नसराई आटपली की ते बटण पुन्हा चालू, उन्हाळी तिथी निघेपर्यंत.

"मग पत्रिका झाली?" वहिनींचा मूळ मुद्दा हलला नव्हता.

"कुठली! श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचं लॉक, दिसेना. लॉक लावलंय, लाइट लागलाय, आणि एक्सपी म्हणतंय लॉक नाही. ते नव्या विंडोजनं स्वतःकडं धरून ठेवलं होतं. वरच्या मेनूत 'डिव्हायसेस', त्यात 'यूएसबी', तिथं डोंगलच्या नावापुढं टिचकी मारली, तेव्हा सुटलं. मग यूएसबी फिल्टर करून ठेवला, म्हणजे रोज मारायला नको."

"आणि मग?"

"मग काय, तासाभरात पत्रिका तयार. पण प्रेसला गेली ती कालच. प्रूफ बघायला मुलीचे मोठे काका आले, आणि निमंत्रकांत धाकट्या काकांचं नाव आधी कसं म्हणून बसले रुसून. तीन दिवस कासवाचं नाव झालं, पुढचे दोन दिवस त्यांचे!"

वहिनींना हवं होतं ते मिळालं. "तरी मी म्हणतच होते, त्या दोघा भावांचं प्लॉटवरनं बिनसलंय." मग आवाज खाली आला. "ताई, एक विचारू? आमच्या मामंजींनी गावाचा इतिहास लिहिला होता. टाईप करून घेतला होता, सीडी आहे कपाटात. पोरगं म्हणतं, उघडली की नुसती किडे-मुंग्यांची रांग."

"श्रीलिपी का आयएसएम?"

"ते मला काय ठाऊक!"

"आणा, बघू. आयएसएम असलं तर त्याचंही डोंगल शोधावं लागेल. पण सीडी वाचायचा ड्राइव्ह माझ्याकडं नाही हं."

"आमच्याकडं आहे," सर म्हणाले. त्यांचा पाइप अजून कोरडाच होता.