सैलानीला नारळ, घरच्या पोराला टोमणा

घाटाखाली शेगाव, घाटावर सैलानी. होळीला पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी दर्ग्यावर नारळांची होळी पेटते. कपाळाला गंध लावलेला माणूस अंगावरून नारळ उतरवून आगीत टाकतो, पुढे संदलाच्या गर्दीतही दिसतो. त्याला तिथं कुणी धर्म विचारत नाही. १९५६ साली बाबासाहेबांच्या मागे बुद्धाकडे गेलेली घरं याच बुलडाणा जिल्ह्यात नांदतात. १२ जानेवारी २००५ रोजी सिंदखेडराजात शिवधर्म जाहीर झाला, तोही याच जिल्ह्याने पाहिला. २०११च्या जनगणनेत इथे मुस्लिम आणि बौद्ध प्रत्येकी साधारण चौदा टक्के होते. मधूनमधून गालबोट लागतं, तरी दुसऱ्याच्या देवाला हात जोडायची इथल्या माणसाला जुनी सवय आहे.

हेच मोठं मन उंबरठ्याच्या आत आखडतं. शेजाऱ्याचा देव आपल्याला चालतो, पण आपल्या घरातला देव न मानणारा चालत नाही.

गजानन महाराजांच्या प्रकटदिनाआधी माय विजय ग्रंथाचं पारायण धरते. पोरगा सरळ सांगतो, "माय, मी नाही बसत. माझा विश्वास नाही." माय काही बोलायच्या आत मामा उसळतो, "चार बुकं शिकला तं देवाले इसरला का रे?" आत्या त्याच्या संगतीवर घसरते. पोरगा मुकाट्याने पाटावर येऊन बसतो. त्याचा विश्वास बसलेला नसतो, फक्त तोंड बंद झालेलं असतं. सुनेने वटपौर्णिमेला नकार दिला तर तिच्यासोबत तिच्या माहेराचाही उद्धार होतो.

सगळ्यात वाईट गत मेलेल्या नास्तिकाची. जन्मभर त्याने चारचौघांत सांगितलेलं असतं की मुंडन नको, पिंड नको, तेरवीचं जेवण नको. तो गेला की भाऊबंद जमतात, "समाज काय म्हणीन?" एवढं एकच वाक्य पुरतं आणि मुलगा न्हाव्यापुढे बसतो. ज्याला आता उत्तर देता येत नाही त्याचा शब्द मोडणं, याला मी श्रद्धा म्हणणार नाही. ती जबरदस्ती आहे.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य धर्माच्या आधी लिहिलं आहे. येशूला मानणाऱ्या, पण कुठलाच धर्म न मानणाऱ्या काही जणांना राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद हवी होती. सरकारी मुद्रणालयाने ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की, आपला कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कुणावर धर्म लादू शकत नाही. जे सरकारला करता येत नाही, ते मामाला कसं करता येईल?

न मानणाऱ्यांनाही दोन शब्द. मायच्या पोथीची टर उडवणं म्हणजे विवेकवाद नव्हे. नवऱ्याच्या आजारपणात, नापिकीच्या वर्षात तिने त्या एकवीस अध्यायांच्या आधाराने दिवस काढलेले असतात. तिला तुमचं पटलं नाही तरी चालेल, दुखवायचं कशाला? नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. तो फरक त्यांचं नाव घेणाऱ्यांनी तरी पाळावा.

आदरालाही कुंपण असतं, आणि ते माणसाच्या जिवाशी असतं. सैलानीला मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या घरच्यांची श्रद्धा मी समजू शकतो. पण रुग्णांना साखळदंडात ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे. तिथं 'आमची श्रद्धा' हे उत्तर चालणार नाही. नवस जरूर करा, पण आधी डॉक्टर गाठा. बाकी कुणी पारायण करावं, कुणी रोजा धरावा, कुणी विहारात वंदना म्हणावी, कुणी यातलं काहीच करू नये. यात कुणाचं काय बिघडतं?

२०११च्या जनगणनेत देशातल्या २८ लाखांहून अधिक लोकांचा धर्म नोंदलेला नाही. २०२७च्या जनगणनेत प्रगणक पुन्हा दारात येईल आणि घरातला कर्ता सवयीने सगळ्यांचा एकच धर्म सांगून मोकळा होईल. तेवढं करू नका. पोराला विचारा, सुनेला विचारा, म्हाताऱ्या बापालाही विचारा. जो जे सांगेल तेच लिहून घ्यायला सांगा, मग ते तुम्हाला आवडो न आवडो.