डॉक्टरांनीच सांगितलंय हो!

काय दिवस आलेत बघा! कात्रजमध्ये आता पुरुष जबड्यात सुया टोचून घेतात म्हणे. जबड्यात! ज्या जबड्याने यांनी जन्मभर भाकऱ्या मोडल्या, उसाची कांडकी सोलली, कात्रज चौकाच्या गर्दीत समोरच्या रिक्षावाल्याचा उद्धार केला, तो जबडा आता ‘जरा जड दिसतो’. फोटोत चेहरा चौकोनी येतो. मग काय, बोटॉक्स!

बायकोने भुवया कोरून आणल्या की ज्यांच्या स्वतःच्या भुवया कपाळावर चढायच्या, तेच हे. पार्लरमध्ये दोन-दोन तास काय करता गं, असं विचारून ज्यांनी घरादाराला वीट आणला, तेच आता अर्ध्या दिवसाची रजा टाकून क्लिनिकच्या सोफ्यावर बसतात. तोंडाला मास्क, मान मोबाईलमध्ये. चुकून सोसायटीतलं कुणी भेटलंच, तर उत्तर तोंडावर तयार : “छे छे, तसलं काही नाही. रात्री दात खातो ना मी. डॉक्टरांनीच सांगितलंय. उपचार आहे हा.”

उपचार! या सगळ्या प्रकरणातली फोडणी ती हीच. बाईला छान दिसावंसं वाटलं तर ती पैसे मोजते, मैत्रिणींना भाव सांगते आणि मोकळी होते. पुरुषाला छान दिसायला आधी एक आजार लागतो.

आता आजार अगदीच खोटा आहे असंही नाही. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा आणि दात घट्ट दाबा. बोटांखाली जो टणक गोळा उभा राहतो, तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत पसरलेला हा चावण्याचा स्नायू. काही माणसं झोपेत त्याला रात्रपाळी लावतात. करकर करकर दात खातात. शेजारी झोपलेल्या माणसाची झोप उडते आणि यांना सकाळी पत्ताच नसतो. आजीच्या काळी यावर निदान एकच होतं : पोटात जंत झालेत. आताचे डॉक्टर ब्रुक्सिझम म्हणतात आणि जंतांऐवजी ताण, दारू, सिगारेट, कॉफीचा मारा, झोपेत अडखळणारा श्वास, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांची नावं घेतात. घराचा हप्ता त्यांच्या यादीत वेगळा नसतो, तो ‘ताण’ या खात्यात येतो. सकाळी कानशिलं ठणकतात, दात झिजतात आणि रात्रभर तालीम केलेला स्नायू फुगतो. चेहरा खालून रुंद होतो. म्हणजे दुखणं आणि देखणेपण, दोन्हीची तक्रार एकाच गोळ्यात. पुरुषांना याहून सोयीचा आजार कुठे मिळायचा?

टोचणीचा विधी तसा आटोपशीर. डॉक्टर म्हणतात, “दात दाबा.” बोटांनी गोळा चाचपतात. पांढऱ्या पेन्सिलीने त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ठिपके काढतात. वर सरकलं किंवा पुढे गेलं तर हसण्याचे स्नायू सापडतात आणि हसू तिरकं होतं, म्हणून हा जपून केलेला हिशोब. मग बारीक सुईने दर बाजूला तीन-चार-पाच टोचे. साधारण वीस-तीस युनिट एका बाजूला, स्नायू थोराड असला तर त्याहून जास्त. दहा-पंधरा मिनिटांत काम फत्ते. गाल चोळू नका, काही तास आडवे होऊ नका, एवढंच पथ्य.

पण टोचतात काय, ते ऐकून ठेवा. बोटुलिनम टॉक्सिन. माणसाला ठाऊक असलेल्या विषांमधलं सगळ्यांत जहाल. जर्मनीत १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर, जो कवीही होता, नासक्या सॉसेजमुळे माणसं लुळी पडून मरतात कशी याचा माग काढत होता. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका खेड्यात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, त्यातले तिघे दगावले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हा जिवाणू शोधून काढला. पुढे ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने तेच विष कणभर वापरून तिरळे डोळे सरळ केले. १९८९ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आलं की डोळ्यांसाठी टोचलं की कपाळाच्या आठ्याही पळतात. त्या आठ्यांसाठीची अमेरिकी परवानगी २००२ची. जबड्यावरचे पहिले प्रयोग १९९४ मध्ये छापून आले, आणि पुढे दक्षिण कोरियात निमुळत्या चेहऱ्यापायी या टोचणीचा सुकाळ झाला. २००२च्या त्या परवानगीत जबडा नव्हता, हेही आमच्या उपचारवाल्या मंडळींनी जरा कानाआड केलंय.

आणि हे कुठे चाललंय? कात्रजमध्ये! जिथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात काचेपलीकडे साप नुसता वळला तरी हेच पुरुष पोराला पुढे करून आपण दोन पावलं मागे सरकतात. त्या सर्पोद्यानाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. मण्यारीचं विष जिथे घाव घालतं, नेमका तिथेच बोटॉक्सचाही घाव : मज्जातंतूच्या टोकाशी, जिथून स्नायूला ‘आवळ’ असा निरोप जातो. निरोपच अडवायचा. मण्यार चावली की आधी पापण्या गळतात. कपाळावरचं बोटॉक्स चुकलं तरी पापणीच गळते. फरक सगळा मात्रेचा. शंभर युनिटच्या बाटलीत या विषाचं वजन काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. म्हणून तर मापात दिलं की ते औषध ठरतं. पण काचेपलीकडच्या मण्यारीला भिणाऱ्याने सुईपुढे गाल करावा, ही गंमत कात्रजकरांनाच शोभते.

आता याहून मोठा धक्का देते. बाप जो स्नायू उतरवायला निघालाय, तोच स्नायू चढवण्यासाठी पोरगा घरात घाम गाळतोय! कॉलेजची पोरं ‘जॉलाईन’ पाहिजे म्हणून सिलिकॉनचा चेंडू तासन् तास चावतात, टणक च्युइंगगम रवंथ करतात, जीभ टाळूला लावून मुक्याने फिरतात. त्याला म्युइंग म्हणायचं. जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्याच्या आडनावावरून. जीभ टाळूला चिकटवून मोठ्या माणसाचं हाड बदलतं याला भक्कम पुरावा नाही, पण आईने हाक मारल्यावर उत्तर न द्यायला कारण भक्कम मिळालं. चेंडू चावून स्नायू मात्र खरोखर वाढतो, आणि कोन धारदार होण्याऐवजी चेहरा रुंदच होतो. म्हणजे आज चेंडूचे पैसे, दहा वर्षांनी सुईचे. एका घरात हा दुहेरी सोहळा चालू असताना आई म्हणाली म्हणे, “अहो, तुमचा उतरवलेला त्याला चढवा, एका फीमध्ये दोघांचं भागेल.”

लग्नाळू मंडळींचं वेगळंच. त्यांना वाटतं, हळदीच्या आदल्या दिवशी टोचलं की वरातीत जबडा तलवारीसारखा. अरे बाबांनो, चावण्याचा जोर आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतो, पण स्नायू वापराविना रोडावायला महिना-दीड महिना लागतो. पुरता फरक तीनेक महिन्यांनी. चार-सहा महिन्यांत निरोप पुन्हा पोचायला लागतात आणि स्नायू पूर्वपदावर. म्हणजे साखरपुड्याला टोचा, लग्नात मिरवा, आणि पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीच्या लोकांनी “जावईबापू भरले हो” म्हटलं की समजा, पुन्हा जायची वेळ झाली.

त्यातून दिवाळसणाची चकली! टोचणीनंतर काही आठवडे चिवट-टणक खाताना जबडा लवकर थकतो. घाटापलीकडे खेड शिवापूरला मटण-भाकरी हाणायला जाणाऱ्या टोळीत एकजण नुसता रस्सा भुरकत बसला असेल, तर त्याच्या उपवासाची चौकशी करू नका. क्वचित स्नायूचा एखादा भाग सुटून राहतो आणि चावताना तेवढाच गालावर फुगा येतो. गाल आधीच बसके असतील तर चेहरा ओघळलेला दिसतो, मग टोचून घेतलेला नवरा दुसऱ्या बाजूने आजोबा दिसायला लागतो.

हसण्यावारी न्यायचं नाही असंही थोडं आहे. एकाच बाजूचा गाल फुगला असेल तर तो स्नायू असेलच असं नाही. लाळग्रंथीची गाठही असते, आधी तपासून घ्या. सुपारी-माव्याने तोंड उघडेनासं झालं असेल तर त्याचा या सुईशी संबंध नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी कित्येकांचे जबडे दिवसभर चालूच असतात, ते बघता आधी पुडी सोडायची आणि दंतवैद्य गाठायचा. आणि कटिंगबरोबर स्वस्तात बोटॉक्स देणाऱ्या दुकानापासून चार हात लांबच बरं. बाटली समोर उघडायला लावा, बॅच नंबर बघा, टोचणाऱ्याची नोंदणी विचारा. ती बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहावी लागते. कात्रज डेअरीच्या गावात थंड साखळी कुणी वेगळी शिकवायला हवी का?

राहता राहिली ती सबब. आमचा काही विरोध नाही हो. ज्याला टोचून घ्यायचंय त्याने खुशाल घ्यावं, दुखणाऱ्याला आराम पडतोही. पण झोपेत दात खाण्याची सवय या सुईने जात नाही, नुसता चाव्याचा जोर उतरतो. म्हणून दातांचे डॉक्टर आधी काय देतात, तर नाईट गार्ड : दातांच्या मापाची पारदर्शक पट्टी, रात्री घालून झोपायची. ती कुणाला दिसत नाही, तिने जबडा निमुळता होत नाही, आणि तिचा सेल्फी टाकता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी गाल कुरवाळत “डॉक्टरांनीच सांगितलंय” म्हणाला, की एवढंच विचारा : “बरं, आणि नाईट गार्ड?” पट्टीची डबी दाखवली तर तो पेशंट, त्याची आस्थेने विचारपूस करा. “ते काय असतं?” म्हणाला, तर तो नवरदेव. त्याला सांगा, छान दिसतोयस.