डाव्या गुडघ्याची प्रतिष्ठा

गुडघा दुखतो याचं मला एवढं वाईट वाटत नव्हतं. दुखण्याचं कारण मात्र भारदस्त निघावं, अशी अपेक्षा होती. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तशी कारणं कमी नाहीत. नाणेघाटाची फरसबंदी चढण, जीवधनच्या कातळपायऱ्या, शिवनेरीचे सात दरवाजे. हा सगळा इतिहास मी डॉक्टरांपुढे मांडला. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "सर, वजन किती?"

जीवधनबद्दल एक अक्षर नाही! कूर्चा झिजलीय, वय झालंय, पोट सुटलंय. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो, हे गणित आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला फुकट ऐकवण्यात आलं.

आमच्या मंचरात बातमी फुटायला वेळ लागत नाही. निर्गुंडीचा पाला, रुईच्या पानाला तेल लावून शेक, एरंडेल, लसणाचं तेल असे सल्ले दारात येऊन पडले. त्यातले डिंकाचे लाडू मी तातडीने अमलात आणले. बिब्ब्याचा चटका सुचवणाऱ्याला मात्र चहासुद्धा विचारला नाही. बिब्ब्याने कातडी भाजून असे फोड येतात, की माणूस गुडघा विसरतो. गुण येतो तो बहुधा असाच.

डॉक्टरांची यादी फारच मिळमिळीत होती. पाय सरळ ठेवून उचलायचा, मांडीचे स्नायू बळकट करायचे, डायक्लोफिनॅकचं मलम चोळायचं, गोळ्या पोट आणि मूत्रपिंड सांभाळून घ्यायच्या. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटेल, म्हणाले. मी सुचवलं, दुर्बीण घालून आतून साफ करून घेऊ. त्यावर त्यांनी ह्यूस्टनची गोष्ट सांगितली. तिथे १८० जणांवर प्रयोग झाला. काहींचा सांधा खरोखर साफ केला, काहींना नुसत्या वरवर चिरा देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोघांचंही दुखणं सारखंच! २००२ साली हे छापून आलं. घरी आल्यावर हिने ते ऐकलं आणि म्हणाली, "अहो, मग चिरा द्यायला विळी आहे की आपल्याकडे."

उरली सांधेबदल शस्त्रक्रिया. तिच्यावर माझा जीव होता, कारण तिथे पंगत मोठी. २००० साली वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला, डॉक्टर रानावत त्यासाठी अमेरिकेहून आले होते. माझाही डावाच! २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये. म्हणजे पंतप्रधानांचा गुडघा मास्तरांच्या आवाक्यात आला. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्हाला अजून दहा वर्षं तरी लागणार नाही." एवढा अपमान माझा शिक्षणाधिकाऱ्यांनीही केला नव्हता.

तेव्हापासून मी देवांची वर्गवारी पायऱ्यांवरून करतो. ओझरचा विघ्नेश्वर सपाटीवरचा, समजूतदार. तालुका तोच, पण लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगरात, तीनशेच्या आसपास पायऱ्या. धापा टाकत वर जावं तर देव पाठमोरा! अष्टविनायकांत डोंगरावर बसलेला हा एकटाच, तोही बौद्ध विहारात. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि माझा त्या भिक्षूंना एकच प्रश्न आहे: तुमच्यातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत नव्हते काय? की त्यांना खालच्याच लेण्यात ठेवत? लेण्याद्रीला डोली मिळते, पण डोलीत बसलेल्याला ओळखीचं माणूस हमखास भेटतं. भीमाशंकर तर सगळ्यांत लबाड. जाताना उतार, दर्शन गोड, परतीला चढ. वर डॉक्टर सांगतात, पायरी उतरतानाच गुडघ्यावर जास्त भार पडतो, शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. म्हणजे महादेवाने दोन्हीकडून गाठलं.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला माझ्या आधी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची एक म्हातारी आत होती. दार उघडंच. डॉक्टर तिला तीच यादी सांगत होते: उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चढ-उतार टाळायचा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग भात कोन लावायचा? हिरडा कोन आननार?" बाहेर बाकावरचे सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसू माझ्या घशात अडकलं. आमच्या वैद्यकातले निम्मे सल्ले खुर्चीवर बसून जगणाऱ्यांसाठी आहेत. पावसाळाभर चिखलात वाकून आवणी करायची, नंतर नारायणगावाकडे टोमॅटोच्या तोडणीला जायचं, घरी येऊन चुलीपुढे उकिडवं बसायचं. त्या बाईने टाळायचं काय? जगणं? मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. डॉक्टरांवर काढण्यात अर्थ नव्हता, ते बिचारे खरंच सांगत होते.

खाली मेडिकलमध्ये ती पुन्हा भेटली. गुडघ्याच्या पट्ट्यांचा जोड हातात धरून ती एकच पट्टा मागत होती. दुकानदार म्हणाला, जोड फुटत नाही. तिने वळून माझ्या लंगडण्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमचा डावा ना? माझा उजवा. निम्मे-निम्मे पैसे घालू."

माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात दुकानदाराने माझ्या मांडीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "सर, हा मीडियम आहे. तुम्हाला डबल एक्सएल लागेल."

म्हातारी तोंडाला पदर लावून खुदखुदली. जोडाचे सगळे पैसे मी दिले. दोन्ही पट्टे तिनेच नेले, आणि मी वजनकाट्यावर एक रुपया टाकायचं टाळून बाहेर पडलो.