कॅमेरा कोणता?

उत्तम छायाचित्र दृष्टीस पडताच आमच्या करवीरनगरीच्या मुखातून जो पहिला प्रश्न निघतो, तो प्रकाशाविषयी नसतो, प्रतीक्षेविषयी तर नसतोच; तो असतो, "कॅमेरा कुठला रं?" खासबागेत प्रतिस्पर्ध्यास आस्मान दाखविणाऱ्या मल्लास "लंगोट कुठनं घेतलास?" असे विचारण्याची छाती मात्र अद्याप कोणास झालेली नाही; उत्तर तोंडी मिळणार नाही, याची प्रत्येकास खात्री असावी.

हा प्रश्न बाबूराव पेंटरांना केला असता, तर दुकानाचा पत्ता मिळाला नसता. चलच्चित्रांचा कॅमेरा आपणच घडवावा, असा घाट त्यांनी आणि त्यांचे सहकारी आनंदराव यांनी घातला. आनंदराव १९१६ साली निवर्तले, तरी बाबूरावांनी ते काम तडीस नेले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कामगिरीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्यासमोर स्वतःची छबी टिपणारे तरुण, चेहरा गोरा करणारी कळ दाबल्यावाचून पुढे सरकत नाहीत.

दोष केवळ त्यांचा नव्हे. शंभर चित्रे टिपा, पेटी आमच्याकडे धाडा, उरलेली यातायात आमची, असा सौदा कोडॅकच्या ईस्टमनसाहेबांनी १८८८ सालीच मांडला होता. जोर-बैठकांऐवजी डब्यातली भुकटी आणि अभ्यासाऐवजी 'अपेक्षित प्रश्नसंच' ही त्याच सौद्याची पुढची कलमे.

परंतु खरी कमाल किरणोत्सवात दिसते. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावेत, असा रिवाज. त्यात ढग आडवा आला, धुरळा उठला, की सोहळा अर्ध्यावर राहतो आणि भाविक मुकाट्याने पुढच्या दिवसाची वाट पाहतात. हल्ली ही गैरसोय उरलेली नाही. सूर्य रंकाळ्यावर अजून चांगला कासराभर असतानाच देवीच्या मुखावर सोनेरी तेज चढविलेले, यंत्राने रचलेले चित्र गल्लीगल्लीच्या समूहांत दाखल होते, आणि खाली नमस्कारांची रांग लागते, वर एखादा चिकित्सक विचारतोच, "ॲप कुठलं?"

सबब आमची मेहेरबान अधिकाऱ्यांस अर्जी अशी, की सूर्यनारायणास या चाकरीतून रीतसर मोकळे करावे, आणि त्याच्या हजेरीपटावर 'फोटो आधीच पोहोचला' असा शेरा मारून दप्तर बंद करावे.