खेकड्याचं भोक

बोदलकशाच्या तलावावर लोक पक्षी बघायला जातात. मी तिथे दोन तास माझ्याच गाडीच्या बॉनेटात डोकं घालून उभा होतो.

नागपूरहून भंडारा, तुमसर, तिरोडा करत आलो तेव्हा गाडी दणाणत होती. साळ्याच्या आग्रहाखातर महिन्यापूर्वीच डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि कलिंगडाएवढा स्पीकर बसवला होता. नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी असला धुमाकूळ शोभेना, म्हणून संध्याकाळी ५ वाजता गाणी बंद केली, गाडी झाडाखाली लावली आणि विसरलो. सफारीला जिप्सी होती. वाघ मला दिसला नाही. बायकोला दिसला, असं ती म्हणते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता चावी फिरवली. टक-टक-टक.

"बॅटरी बसली," साळा म्हणाला, आणि धक्का मारू म्हणाला. शंभरेक फूट ढकलली, मग तेवढीच मागे ओढली, कारण पुढे तलाव होता. १९१७ पासून पाणी धरून बसलेल्या धरणात आपली गाडी घालणं बरं दिसलं नसतं.

शेवटी कुणीतरी तिरोड्याच्या बाजूचा एक मेकॅनिक गाठून दिला. तो पिकअपमधून आला, सोबत एक भरलेली बॅटरी आणि मल्टिमीटर.

"नवीन बॅटरी घ्यावी लागेल का, भाऊ?"

"बॅटरी चांगली आहे जी. कोनीतरी खाऊन रायलं तिले."

मग त्यानं समजावलं. धानाच्या बांधीतलं पाणी रात्रीतून उतरलं, तर पाण्याला शिव्या देऊन उपयोग नाही. धुऱ्यात खेकड्याचं भोक शोधावं लागतं. त्यानं आपली बॅटरी जोडली, निगेटिव्हची केबल सोडवून टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मीटर लावला. आता गाडीतून जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. आकडा तीन अँपियरच्या वर गेला. साळा ओरडला, "सापडलं!"

"थांबा. गाडी अजून जागी आहे. अर्धा तास झोपू द्या. दार उघडू नका."

विसाव्या मिनिटाला बायकोनं चिवड्याच्या डब्यासाठी दार उघडलं. आतला दिवा लागला, गाडी खडबडून जागी झाली आणि अर्धा तास पहिल्यापासून मोजायला लागलो. तेवढ्यात पाणकावळ्यांनी तीनदा पंख वाळवले. आमच्या प्रवासातलं पक्षीनिरीक्षण ते एवढंच.

गाडी झोपली तेव्हा आकडा ०.९० वर थांबला. झोपलेल्या गाडीनं ०.०५ च्या आत खावं. घड्याळाला, अलार्मला तेवढं पुरतं. माझी बॅटरी ३५ अँपियर-तासांची. ४० तास गुणिले ०.९ म्हणजे ३६. हिशेब इतका चोख बसला की बँकेतल्या नोकरीची २२ वर्षं सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

भाऊ एकेक फ्यूज काढून आकडा बघू लागला. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाईनीत भोक. हॉर्न, दिवे, वायपर, टेप. डॅशबोर्डाखालची पेटी बोळक्या तोंडासारखी दिसू लागली, पण आकडा ढिम्म. साळा आता नव्या बॅटरीचे भाव सांगू लागला.

भाऊनं मात्र बॅटरीवरच बोट ठेवलं. तिथून एक जाड लाल वायर फ्यूजपेटीला न विचारता थेट डिकीकडे गेली होती. तिच्यावर वेगळा फ्यूज होता. तो उपसला. ०.०३.

अ‍ॅम्प्लिफायर! चावी काढली की त्यानं झोपावं म्हणून एक बारीक वायर असते. ती चावीच्या लाईनीला द्यायची सोडून बसवणाऱ्यानं कायमच्या करंटला जोडली होती. जंगलाचा मान राखून आम्ही त्याला गप्प केलं आणि तो गप्प बसून दोन रात्री जेवत राहिला.

"वायर बदलून देऊ का जी? का फ्यूज असाच खिशात ठेवता?"

साळा काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "खिशात."

परतताना डिकीतून आवाज नव्हता, म्हणून साळ्यानंच गायला सुरुवात केली. तुमसर आलं, गेलं, तो थांबेना. त्याचा फ्यूज कुठे असतो, ते भाऊला विचारायचं राहिलं होतं.