मागणी क्रमांक तेरा

राळेगावात माणूस दोनच गोष्टींसाठी रांगेत उभा राहतो: कापूस मोजायला आणि निवेदन द्यायला. कापसाच्या रांगेत उशिरा का होईना, काटा होतो. निवेदनाच्या रांगेत पोच मिळते.

पोच म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने प्राध्यापक संघटनेत कधी काम केलेलं नाही. निवेदनाची दुसरी प्रत पुढे करायची. आवक-जावकच्या टेबलावरचा बाबू ती न वाचता गोल शिक्का मारतो, तारीख टाकतो आणि कोंबडीने उकिरडा उकरावा तशी सही करतो. झाली पोच. प्रश्न सुटला नाही तरी चालतं, पोच हरवता कामा नये. आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या संघटनेकडे अशा पोचांच्या तीन बॉक्सफायली आहेत. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्या मित्राचं नाव पुढच्या जुलैच्या यादीत राहायचं नाही.

हा मित्र मराठीचा सर. नेट झालेला, पीएचडी झालेला आणि बारा वर्षांपासून तासिका तत्त्वावर असलेला. आमच्या बोलीत सांगायचं तर लांब धाग्याचा माल. लांब धाग्याच्या कापसाला केंद्राने २०२५-२६ साठी क्विंटलला ८११० रुपये हमीभाव बांधून दिला होता. सरांनाही दर आहे, पदवी वर्गाच्या तासाला ९०० रुपये. पण हमी नाही. दर पावसाळ्यात नवी मुलाखत, नवं नेमणूकपत्र. परीक्षा आल्या की घरी. कापसात बारा टक्क्यांवर ओलावा निघाला तर सीसीआय, म्हणजे कापूस महामंडळ, गाडी परत पाठवते, आणि निदान टक्का तरी सांगते. सरांची गाडी दर वर्षी परत येते ती नुसतीच.

तर परवा संघटनेची सभा झाली. वेळ दुपारी एकची. दीड वाजता आलूबोंडे आले आणि कोरम पूर्ण झाला. आमचे सर सभासद नाहीत, त्यांना मतही नाही. पण सभा त्यांच्याशिवाय होत नाही.

“तुम्ही कायले गेले होते मंग?” मी विचारलं.

“भाऊ, संघटनेत युनिकोड कोणाले येते?”

सभेत चौदा मागण्यांचा मसुदा आला. पहिली अर्थातच स्थाननिश्चितीची. दुसरी थकबाकीची. तिसरी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनची. मग रजा, मग वैद्यकीय बिलं, मग गाड्यांच्या शेडवरचे टिनपत्रे. तेराव्या नंबरवर तासिकावाल्यांच्या सेवेचा प्रश्न होता आणि चौदाव्यावर ‘इतर मागण्या’. टिनपत्र्यांनंतर का होईना आपला नंबर लागला, म्हणून सरांनी मनातल्या मनात आभार मानले.

तेवढ्यात एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. “तेरा नंबरमधी ‘सेवेत कायम करावे’ असं थेट नका लिहू. ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ असं करा. बाकीच्या मागण्याइले अडचण नको.” सूचना एकमताने मंजूर झाली. सरांनी स्वतःच्या हाताने स्वतःला खोडलं आणि सहानुभूती टाइप केली. ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं नाही.

खरा वाद पेटला तो पुढे. मागण्या ‘तात्काळ’ मान्य कराव्यात की ‘तत्काळ’? सरांनी अदबीने सांगितलं, शुद्ध शब्द ‘तत्काळ’. यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर बहुमताने ‘तात्काळ’ ठरलं, कारण आजवरच्या सगळ्या पोचांवर तेच आहे आणि धोरणात सातत्य हवं.

हसू नका. ही संघटना नावाची चीज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपुरातून वेगळं निघालं, तरी इकडचे प्राध्यापक आजही ‘नुटा’चेच, म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाचे. याच नुटाचे नेते बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी तीस वर्षं विधान परिषदेत बसले, आणि नियमाचं पुस्तक उघडून सरकारला कोंडीत कसं पकडायचं ते त्यांनी दाखवून दिलं. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेटवाल्यांसाठी राज्यातल्या प्राध्यापकांचा महासंघ, म्हणजे एमफुक्टो, असा भांडला की २०१३ मध्ये ४ फेब्रुवारी ते १० मे परीक्षेच्या कामावर राज्यभर बहिष्कार पडला. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला. संघटना कोर्टात गेली, वर्षं गेली, पण पैसा काढून आणला. याला म्हणतात संघटना. ज्यांना नेट नव्हती, त्यांच्यासाठी सगळं राज्य थांबलं. ज्यांना नेट आहे, त्यांच्यासाठी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.

मी सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “भाऊ, ७१ दिवस कोर्टात मांडता येते. आमचे दिवस कुठं असते? आमचे तास असते. संप झाला, तास बुडला. दिवाळी आली, तास बुडला. साहेबाची श्रद्धांजली झाली, तास बुडला. बुडाल्या तासाले कोणतं कोर्ट?”

“पण भरती होणार म्हणतात ना? ते २०८८?”

२०८८ प्राध्यापक भरायला सरकारने २०२१ मध्ये मंजुरी दिली होती. मग बिंदुनामावली आली, ना हरकत आली, रोस्टर तपासणी आली.

“मले आधी वाटे तो पदाइचा आकडा हाय,” सर म्हणाले. “आता वाटते साल असंन.”

आम्ही रावेरीला सीतामाईच्या देवळाच्या पायरीवर बसून बोलत होतो. राळेगावहून रावेरी जवळच. या देवळात राम नाही, एकटी सीता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. इकडे सांगतात की टाकून दिलेली सीता इथे आली, लेकरांसाठी गावाकडे मूठभर गहू मागितले आणि गावाने नाही म्हटलं.

“चुकलंच तिचं,” सर म्हणाले. “तोंडी मागाले नव्हतं पाहिजे. निवेदन द्याले पाहिजे होतं.”

“दिलं असतं तर गहू भेटले असते?”

“नाही. पोच भेटली असती.”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मीच म्हणालो, “पण तिनं शाप दिला, अन् गावात गहू पिकणं बंद झालं म्हणतात.”

“तिचा शाप लागला, कारण तिच्या जागेवर दुसरी सीता उभी नव्हती. म्या शाप देऊन कॉलेज सोडलं तर प्राचार्याच्या केबिनबाहेर अकरा जणं फायली घेऊन उभे हायेत. त्याइतले दोन तं माहेच विद्यार्थी.”

निवेदन द्यायचं ठरलं अमरावतीला, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात. शिष्टमंडळ सकाळी सात वाजता गाडीने निघालं. कळंबला चिंतामणीचं दर्शन, यवतमाळला नाश्ता, नेरला चहा. सरांना सोबत घेतलं, कारण ऐनवेळी मसुद्यात बदल झाला तर लॅपटॉप कोण चालवणार? अमरावतीत साहेब बैठकीत होते. मग साहेब जेवायला गेले. मग साहेब मुंबईला निघाले आणि जाता जाता जिन्यात भेटले. निवेदन दिलं, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो जिल्हा पानावर छापून आला: ‘प्राध्यापकांच्या प्रश्नांवर संघटना आक्रमक’. फोटोत सहा जण हसत आहेत, साहेबही हसत आहेत.

“तुम्ही दिसत नाही फोटोत?” मी विचारलं.

“फोटो म्याच काढला ना भाऊ.”

शिष्टमंडळातल्या सहा जणांना त्या दिवसाची कर्तव्यरजा मंजूर झाली. पोच बॉक्सफाईलला लागली. सरांनी खिशातून छोटी डायरी काढली. बुडालेले तास ते तिच्यात टिपून ठेवतात. त्या दिवशी त्यांना बीए पहिल्या वर्षाचा एक आणि तिसऱ्या वर्षाचा एक असे दोन तास होते. नऊशे गुणिले दोन.

“मागणी क्रमांक तेरा,” डायरी मिटत ते म्हणाले, “अठराशे रुपयाइत पडली.”